तेल तपकिरीच राहील

शेडच्या दारावर मी ऑइल पेंटने लिहिलं होतं:

गाडीतून काढलेलं काळं तेल इथे घेतलं जाईल. शुद्ध करून पुन्हा गाडीत घालण्यासारखं करून मिळेल. त्याचा रंग तपकिरी असतो. तपकिरीच राहील.

त्याखाली कुणीतरी कोळशाने: रंगाचं एवढं काय घेऊन बसलीस?

त्याखाली मी, पेंटने: तुम्हीच बसलाय घेऊन.

त्याखाली पुन्हा कोळसा: गाळवाली!

त्याखाली मी काहीच लिहिलं नाही. नाव चांगलं आहे. गाळ माझ्याकडेच असतो आणि मी तो कुणाच्या दारात नेऊन ओतत नाही. गल्लीतल्या किती जणांना असं म्हणता येईल?

*

गल्लीबद्दल आधी सांगते, म्हणजे भांडण कळेल.

दोन्ही बाजूंना गॅरेजेस. मध्ये एक टायरवाला, एक बॅटरीवाला, एक रेडिएटरला डाग देणारा. टोकाला प्रवासी गाड्यांचा स्टँड, दुसरं टोक बंद. मागच्या बाजूला ओढा. ओढा म्हणायचं आपलं. माझ्या लहानपणी तिथे पाण्यावर रंगीत वर्तुळं तरंगायची आणि आम्हाला ती फार सुंदर वाटायची. गॅरेजमागची जमीन इतकी वर्षं काळं तेल पिऊन डांबरासारखी झाली आहे. तिथे गवताचं पातं उगवत नाही. विहीर आहे, पण त्या पाण्याने कुणी पायसुद्धा धूत नाही.

गल्लीच्या मधोमध दादाचं गॅरेज. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. गॅरेजला लागून पत्र्याची शेड, दार गल्लीकडेच, आणि शेडमध्ये माझा हंडा.

हंडा म्हणजे पुरुषभर उंचीचं लोखंडी बंद भांडं. मी एका मोठ्या कारखान्यात असल्याच हंड्यावर काम करायचे. कारखाना बंद पडला, हंडा भंगारात निघाला, मी तो घरी आणला. लोक कारखान्यातून निघताना घड्याळ आणतात. दादा म्हणाला होता, "एक तर नवरा आणला नाहीस, आणि आणलंस ते हे!"

काळं तेल आधी ड्रममध्ये शांत ठेवायचं. पाणी आणि जड घाण खाली बसते. मग हंड्यात भरून मंद आच द्यायची. उरलंसुरलं पाणी जातं, डिझेलचा अंश जातो. मग पंपाने आतली हवा ओढून घ्यायची आणि आच वाढवायची. तेलाची वाफ होते, नळीतून जाताना निवते, पलीकडे तेल म्हणून पडते. काळं जे असतं ते तळाशी राहतं. ते रस्त्याच्या डांबरात जातं. शेवटी तेल थोड्या मातीतून गाळायचं, त्यात मसाला घालायचा (इंजिनाला सांभाळणारी औषधं असतात, त्यांना आम्ही मसालाच म्हणतो), झालं. चादर मळली म्हणून कुणी जाळत नाही, धुतो. मी तेल धुते.

आणि ते तपकिरी निघतं. कोऱ्या चहासारखं.

इथे गाडं अडतं.

*

दादा बोलतोय. मी मध्ये बोलतेय.

— रंगाने इंजिनाला काय फरक पडतो?

— काहीच नाही.

— मग लाव की रंग!

— काहीच फरक पडत नाही, तर कशाला लावू?

— लोकांना बरं वाटतं.

— तू लोकांची इंजिनं दुरुस्त करतोस की त्यांना बरं वाटायला लावतोस?

— दोन्ही. म्हणून माझं गॅरेज चालतं.

— चाचणीचे कागद लावलेत ना भिंतीवर? चिकटपणा बरोबर, धातू नाहीत, पाणी नाही.

— कागद कोण वाचतं? लोक झाकण उघडतात, बोट बुडवतात, उन्हात धरतात. पिवळं दिसलं की तेल चांगलं. मुलगी बघायला आल्यासारखं असतं ते. गोरी आहे ना? मग पुढचं बोलू.

— म्हणून तर मी कुणाला बघायला येऊ दिलं नाही.

— ती आठवण काढू नकोस. बरं, रंग नको. माती जास्त वापर. तिप्पट मातीतून गाळलंस तर आपोआप पिवळं होतं, तूच म्हणाली होतीस.

— आणि ती तेलकट माती कुठे टाकू?

— मागे.

— ओढ्यात.

— मागे म्हटलं मी.

— दादा, मागे म्हणजे ओढाच.

— बये, सगळी गल्ली तिकडेच टाकते!

— म्हणून तर हंडा लावला ना मी?

इथे दादा पाना आपटतो. पाना आपटला की दादाचं बोलणं संपलं असं समजायचं. पण त्या दिवशी तो दारातून मागे वळला.

— ऐक. स्टँडवाल्यांनी तुझं तेल घेतलं, तर शेड तुझी, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही घेतलं, तर शेड पार्लरला देतो. त्याला ड्रम ठेवायला जागा हवीच आहे.

*

पार्लर हा एक माणूस आहे.

तो सगळ्या गल्लीचं काळं तेल गोळा करतो, गावाबाहेर कुठेतरी नेऊन अॅसिडने गोरं करतो आणि नव्या डब्यात भरून विकतो. डब्यावर चकचकीत इंजिनाचं चित्र. काळं आत गेलं, गोरं बाहेर आलं, म्हणून नाव पार्लर. तोंडावरही तसंच म्हणतात आणि तो हसतो. अॅसिडचा चिखल कुठे जातो हे कुणी विचारत नाही. मी विचारलं होतं. म्हणाला, "ताई, तुम्ही फार खोलात जाता." मी म्हटलं, "चिखल खोलातच असतो."

*

स्टँडवर शब्द चालतो तो मामांचा. मामा कुणाचे सख्खे मामा नाहीत. सर्वांत जुने ड्रायव्हर, पोट स्टिअरिंगला टेकतं, आवाज हॉर्नपेक्षा मोठा. ते हो म्हणाले की स्टँड हो म्हणतो.

नमुना दाखवायच्या दिवशी मी पंपाचं सील आणायला बाजारात गेले होते. दादा म्हणाला, तू थेट स्टँडवर ये, कॅन मी घेऊन येतो. मला बरं वाटलं. भाऊ आहे शेवटी, म्हटलं.

मामांनी काचेचा ग्लास मागवला. कॅन तिरका केला. सगळे ड्रायव्हर वाकून बघत होते.

ग्लासात अंड्याच्या बलकासारखं पिवळंधमक तेल पडलं.

"वा!" मामा म्हणाले. ग्लास उन्हात धरला. बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. "याला म्हणतात तेल. कोण म्हणत होतं गाळवालीचं तेल काळपट असतं म्हणून? अरे बघा, बघा. डोळे फुटले होते का?"

"घ्यायचं का मग?" दादा म्हणाला.

"घ्यायचं म्हणजे? पुढच्या महिन्यापासून सगळ्या स्टँडचं तेल हिच्याकडून!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मी दादाच्या हाताकडे बघत होते. दादाची नखं कायम काळी असतात, जन्मखूण असल्यासारखी. त्या दिवशी काळ्याच्या कडेने पिवळी रेघ होती.

त्यानेही बघितलं की मी बघतेय. मान अगदी थोडी हलवली. नको, अशी.

"मामा," मी म्हटलं, "हे तेल माझं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तेल माझं आहे. रंग माझा नाही. याच्यात रंग कालवलाय. माझं तेल तपकिरी असतं, तेच घ्यायचं असेल तर घ्या."

टाळ्या थांबल्या. बोट अजून पिवळं होतं मामांचं. त्यांनी ते आधी बघितलं, मग शर्टाला पुसलं, मग शर्टाकडे बघितलं.

"आम्हाला येडं बनवायला आलात दोघं बहीण-भाऊ?"

"मी सांगितलं ना!"

"फसवून झाल्यावर सांगितलंस! आज रंग निघाला, उद्या आणखी काय निघेल? उचला हे." आणि ग्लास माझ्या पायाशी ओतणार होते. मी हात धरला. म्हटलं, मातीत नाही ओतायचं, कॅनमध्ये ओता. त्या गडबडीतही दोघं-तिघं हसले. मामा नाही हसले. पण कॅनमध्येच ओतलं.

*

घरी येईपर्यंत दादा एक शब्द बोलला नाही, आणि घरी आल्यावर थांबला नाही.

*

"तोंडाशी आलेला घास!" "हातातोंडाची गाठ पडत होती!" "तुझ्यासाठी केलं, स्वतःसाठी नाही!" "गप्प बसायला काय जात होतं?" "सत्यवचनी! मोठी सत्यवचनी!"

मी जेवत होते. भांडणात जेवण सोडायचं नाही हा माझा नियम आहे. सोडलं की समोरच्याला वाटतं आपण हरलो.

"दादा, ते पिवळं तेल त्यांनी महिनाभर घेतलं असतं. मग मला दर महिन्याला रंग लावावा लागला असता. आणि मग कुणीही, कधीही, मला विचारलं असतं की पार्लरमध्ये आणि तुझ्यात फरक काय? तूच सांग, काय सांगितलं असतं मी?"

"सांगायचं, मी ओढ्यात टाकत नाही."

"आणि त्यांनी विश्वास ठेवला असता?"

दादा पाणी प्यायला. जेवणाच्या टेबलावर पाना नसतो, म्हणून पेला आपटला. "पार्लरची गाडी सकाळी येईल. गॅरेजचे ड्रम उचलून नेईल, नंतर तुझा हंडा. मी शब्द दिला होता, तूही ऐकला होतास."

मग वहिनी उठली. ती घरी मेणबत्त्या करते, दुकानांना देते. तिने खिडकीतला रंगांचा डबा आणून टेबलावर ठेवला, उघडला आणि नवऱ्यापुढे सरकवला.

"पिवळा कुठाय?"

दादा ताटात बघायला लागला.

"नवी पुडी होती. सगळी?"

"थोडाच घेतला."

"पुडी रिकामी आहे. मला विचारायचं नाही? दुसऱ्याच्या डब्यात हात घालून बहिणीचं तेल रंगवायचं, आणि वर तिलाच सत्यवचनी म्हणून टोमणे? वन्सं, भाजी घ्या अजून." मग नवऱ्याला, "तुम्ही नका घेऊ."

*

सकाळी पार्लरची गाडी शेडच्या तोंडाशी लागली होती. गॅरेजच्या काळ्या तेलाचे ड्रम तिच्यात चढवून झाले होते. मी खुर्ची आणून हंड्यापुढे बसले.

"ताई, उठा ना," पार्लर म्हणाला. मऊ बोलतो. "हंडा काढायचाय."

"काढा. मला धरून काढा."

"रिकामा हंडा सांभाळून काय मिळणार? उकळायला थेंब नाही तुमच्याकडे. सगळं माझ्या गाडीत आहे."

ते खरं होतं. हंडा आणि मी, दोघंही त्या दिवशी रिकामे बसलो होतो, फरक एवढाच की हंड्याला काही कळत नव्हतं. दादा गॅरेजच्या दारात उभा राहून एकच नट पुन्हा पुन्हा पुसत होता.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून हॉर्नपेक्षा मोठा आवाज आला.

"ए गाळवाली!"

मामा होते. मागे स्टँडच्या गाड्या, एकामागे एक. मामांच्या दोन्ही हातांत कॅन, प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात कॅन.

"काल तू गेल्यावर हा आला स्टँडवर," मामांनी पार्लरकडे हनुवटी उडवली. "मी सरळ विचारलं, तुझ्या तेलात रंग असतो का रे? तर हसतो! म्हणतो, रंग नसता तर तुम्ही घेतलं असतं का? सगळ्यांपुढे हसला आमच्यावर!"

"अहो मामा, गंमत केली मी."

"इतकी वर्षं केलीस की! आता आम्ही करतो." मामांनी कॅन माझ्यापुढे आदळले. "हे आमच्या गाड्यांचं काढलेलं तेल. उकळ. पण एक अट. आमचं आम्हालाच परत. दुसऱ्या कुणाच्या इंजिनाचं उष्टं आम्हाला नको."

"मामा, वाफ झाल्यावर त्यात कसलं उष्टं राहतंय?"

"ते तुला माहीत. आम्हाला नको."

"तूट येईल. जेवढं घालाल तेवढं निघणार नाही."

"दळणालाही तूट येते. पुढे बोल."

ड्रममध्ये निवळायला ठेवण्याइतका वेळ नव्हता. मी सगळे कॅन थेट हंड्यात ओतवले आणि बाजूच्या काचेच्या नळीत पातळी बघितली. पुरत नव्हतं. आच जिथवर लागते तिथवर तेल हवंच. नाहीतर हंड्याची भिंत कोरडी तापते आणि तेल करपतं.

"कमी आहे."

"किती?"

"बरंच. याच्या गाडीतला एक ड्रम उतरवला तर भागेल."

"देतो की," पार्लर म्हणाला. आता त्यालाही मजा वाटत होती. "ताईंना काय नाही म्हणायचं? घ्या एक."

"नको!" मामा ओरडले. "उष्टं नको म्हटलं ना!"

"मग हंडा चालणार नाही," मी म्हटलं. "मला तुमच्या रागावर हंडा चालवता येत नाही मामा, तेल लागतं."

टायरवाला बाहेर आला. बॅटरीवाला बाहेर आला. मामा माझ्याकडे बघत होते, मग नळीतल्या पातळीकडे, मग स्वतःच्या गाडीकडे. गाडीला हात लावला, जशी म्हातारी म्हैस चाचपतात तसा.

"काढा रे नट," ते म्हणाले.

"मामा, महिना नाही झाला तेल बदलून!"

"काढा म्हटलं! सगळ्यांनी. चेंबर रिकामे करा."

आणि त्यांनी इंजिनाखालचे ते तेलाचे चेंबर रिकामे केले. रस्त्यातच, जिथे गाडी उभी होती तिथेच. एकेक ड्रायव्हर गाडीखाली सरकला. परात, पसरट डबे, वहिनीने घरातून आणलेलं मेण वितळवायचं पातेलं. गरम काळं तेल धारेने पडायला लागलं. कुणाची नवी पँट गेली, त्याने आईबाप काढले. कुणाचे मला सांगता येत नाही, सगळ्यांचेच असावेत.

मामाही खाली सरकले. पोट अडकलं. कसेबसे आत गेले आणि पाना लावला.

"अहो थांबा!" दादा ओरडला.

तोवर तो दारातच होता. हातातला नट टाकून पळत आला. "मामा! तो पाना ढिला आहे! नट गोल कराल! मग बापजन्मात निघायचा नाही तो!" आणि मामांचे पाय धरून त्यांना बाहेर ओढलं, स्वतः खाली गेला. खालून आवाज आला, "कोणी आवळलाय हा असा? गाढवाने आवळलाय का?"

"तूच आवळलाय, मागच्या खेपेला," मामा म्हणाले.

खालून पाना खडखडला. मग तेल पडल्याचा आवाज आला.

त्यानंतर दादा एका गाडीखालून दुसऱ्या गाडीखाली जात राहिला. कुणाच्या हातात चुकीचा पाना दिसला की त्याला राहवत नव्हतं. शिव्या घालत होता, नट काढत होता, परात सरकवत होता. माझ्याकडे बघत नव्हता. मी पराती उचलून हंड्यात ओतत होते. नळीतली पातळी चढत गेली, खुणेपाशी आली, खुणेच्या वर गेली.

मी बर्नर पेटवला. ज्योत निळी धरली. आधी मंद.

"किती वेळ लागेल?" एका ड्रायव्हरने विचारलं.

"आज पाणी उडेल. तेल उद्या पडायला लागेल."

"उद्या? आणि आज धंदा?"

"आज बस," मामा म्हणाले. "कोरडं इंजिन चालवतोस?"

तेव्हा पार्लरच्या लक्षात आलं. त्याची गाडी शेडच्या तोंडाशी. तिच्यापुढे मामांची गाडी, मामांच्या मागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, थेट गल्लीच्या टोकापर्यंत. सगळ्यांचे चेंबर रिकामे.

त्याने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग उतरला. "ए, गाड्या बाजूला घ्या. मला जायचंय."

"इंजिनात तेल नाही," मामा म्हणाले.

"ढकलून घ्या!"

"तुम्हीच ढकला," बॅटरीवाला म्हणाला. पार्लरने एकदा मामांच्या गाडीला खांदा लावून बघितला. गाडी गिअरमध्ये होती. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.

"माझे ड्रम अडकलेत!"

"राहू देत. उतरवून ठेव हवं तर," दादा म्हणाला. तो शेवटच्या गाडीखालून निघाला होता, कोपरापर्यंत काळा. शेडच्या दारात आला, पण उंबरा ओलांडला नाही. ज्योतीकडे बघितलं, मग पंपाकडे, मग नळीतल्या पातळीकडे. मेकॅनिक आहे, बघितल्याशिवाय राहवत नाही.

"चालू हंडा मध्येच बंद करता येतो?" त्याने विचारलं.

"नाही. तळाशी दगड होतो."

"म्हणजे हे तेल निघेपर्यंत शेड तुझी."

"हो."

"आणि निघाल्यावर?"

"पुन्हा भरीन."

"कशाने? ते ड्रम पार्लरचे आहेत, मी शब्द दिलाय."

"त्याला जाता आलं तर नेईल तो. आणि तुझ्या गॅरेजात रोज गाड्या येतात, दादा. रोज तेल निघतं. ते कुठे द्यायचं याचा शब्द तू अजून कुणाला दिलेला नाहीस."

बाहेर पार्लर हॉर्न वाजवत होता. दादाने कपाळ पुसलं, आणि कपाळही काळं झालं.

"पंप आवाज करतोय," तो म्हणाला. "सील नीट बसलेलं नाही. सरक."

मी सरकले नाही. खुर्ची थोडी बाजूला घेतली, एका माणसाला वाकता येईल एवढी.